पुण्याला, जर्मन बोलायला

जर्मन मी स्वतः शिकलो. आठ वर्षं, वाळूजला कंपनीच्या बसमध्ये. जाता पंचवीस मिनिटं, येता पस्तीस. लेथवरचं टर्नरचं कामही स्वतःच. त्यामुळं कंपनीच्या फॉर्मात 'प्रशिक्षण' या रकान्यात मी आजवर आडवी रेघ मारत आलो, पट्टी लावून.

आता कंपनी नव्या पोरांसाठी प्रशिक्षण विभाग काढतेय, जर्मनीहून इंजिनीअर येणार. शिकवायला मला घ्यायची साहेबांची तयारी आहे. अट एकच: वरच्या पातळीची जर्मन तोंडी परीक्षा पास. नाहीतर डिप्लोमावाला पाटील. परीक्षा पुण्यात. निघालो.

शनिवारी दुपारी दीडची एसटी. डावीकडं बसा, उजवीकडून ऊन येतं. कायगाव टोक्याला गोदावरी दिसते, पण झोपलात तर नाही दिसत. सुप्याला मिसळ, नव्वद रुपये. तर्री वेगळी मागावी लागते. वाघोलीत पाऊण तास एकाच ट्रकचा मागचा भाग बघितला. मोबाइल साडेचार तास म्हणाला होता, सहा तास दहा मिनिटं लागली. स्टँडजवळच्या लॉजवर गरम पाणी सहा ते आठ अशी पाटी आहे. सव्वासहा ते सात धरा.

तोंडी परीक्षा दोघादोघांची असते. रविवारी केंद्रावर जोडीला बीडची शिवानी मिळाली. नर्सिंग शिकायला जर्मनीला निघालेली.

"काका, तुम्ही पालक का?"

"नाय. उमेदवार."

"लई भारी. मग मला सांभाळून घ्या."

आत गेल्यावर मी 'हेर गवळी' झालो, म्हणजे जर्मनमधला श्रीयुत गवळी. विषय आला: व्यवसाय शिकावा कुठं, शाळेत की कारखान्यात? दोघांनी चर्चा करायची. शिवानी म्हणाली, दोन्हीकडं. मी म्हणालो, कुठंच नाही, ज्याचं त्यानं शिकावं; मी तसाच शिकलो. वाक्य बिनचूक होतं, आठ वर्षं तयार होतं.

शिवानीनं जर्मनमध्येच विचारलं, "पहिल्या दिवशी तुमच्या हातात कानस कुणी दिली?"

 मी समोरच्या घड्याळाकडं बघितलं.

मग सांगितलं. शहागंजातल्या वर्कशॉपचे उस्मानचाचा. दोन महिने त्यांनी मला लेथला हात लावू दिला नाही. एकच लोखंडी ठोकळा घासायचा. चाचा त्याला काटकोन तपासायचा गुण्या लावून उजेडात धरायचे. फटीतून उजेड दिसला की ठोकळा परत माझ्यापुढं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, मराठीतसुद्धा. दोन ठिकाणी क्रियापद चुकलं. परीक्षक बाई लिहायचं थांबून ऐकत होत्या.

बाहेर शिवानी म्हणाली, "काका, चिडलात व्हय?"

"नाय. चहा घेणार का?"

परतीची एसटी अकरा मिनिटं उशिरा सुटली.

सोमवारी सुट्टी टाकून शहागंजात गेलो. चाचा आता दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसतात. सगळं सांगितलं.

"जर्मन में मेरा नाम लिया?"

"लिया, चाचा."

"और दो महिने बोला?" चाचांनी चष्मा काढून पुसला. "तीन लगे थे तेरे को."

तीन आठवड्यांनी निकाल आला. पास. व्याकरणात गुण कमी. नव्या विभागाचा फॉर्म समोर आला, तेव्हा पट्टी खिशातच राहू दिली.

प्रशिक्षण कुठं घेतलं: उस्मानचाचांचं वर्कशॉप, शहागंज.
कालावधी: तीन महिने.