बिब्ब्याचा डाग

माझ्या बायकोला मी घराबाहेर काढलं तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो, ती वीसची आणि आमची मुलगी साडेतीन वर्षांची. भोरला तेव्हा संस्थानाचा अंमल होता. आमचं गाव वेल्ह्याच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी, चाळीसएक उंबऱ्यांचं. वडील मी लहान असतानाच गेलेले, त्यामुळे घरात शब्द चालायचा तो थोरल्या चुलत्यांचा. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. बैल कुठला घ्यायचा, भात कधी पेरायचं, मी मुंडासं कुठल्या रंगाचं बांधायचं, सगळं आबा सांगत आणि मी करत असे. आई शेजारणींना कौतुकाने सांगायची, "माझा ल्योक कुणाच्या शब्दाभाईर न्हाई." ते ऐकून मलाही बरं वाटायचं.

त्या वर्षी माघात आम्ही दोघं राबाची लाकडं तोडायला डोंगरात गेलो होतो. भाताचं रोप टाकण्याआधी जमीन भाजून घ्यावी लागते, त्यासाठी झाडांच्या फांद्या उतरवून आणायच्या. खाली येताना तिचा पाय घसरला आणि ती भाऱ्यासकट डाव्या हातावर पडली. मनगटाच्या वर हात टम्म सुजला. हाड शाबूत होतं, मुका मार होता. संध्याकाळी मी स्वतः बिब्बा दिव्यावर धरला, दाभणाच्या टोकाने त्याचं तेल घेतलं आणि सुजेवर लावलं. तेल जरा जास्तच लागलं. दोन दिवसांत तिथे फोड आले, फुटले, चिघळले. महिन्याभराने जखम भरली, पण कातडी मूळ रंगावर आली नाही. पिंपळाच्या पानाएवढा पांढुरका डाग राहिला.

तिने तो मला दाखवला आणि हसत म्हणाली, "वैद्यबुवा, सूज गेली, पर जाताना रंग बी घिऊन गेली."

मीही हसलो. आमच्यात तेवढं हसणं होतं तेव्हा.

चैत्रात आबांच्या धाकट्या मुलीला बघायला सारोळ्याहून पाहुणे आले. सोयरीक जमल्यातच जमा होती. जेवणाच्या पंगतीत माझी बायको भात वाढत होती. वाढताना पदर सरकला. पाहुण्यांतल्या एका बाईने तिच्या हाताकडे पाहिलं, मग शेजारच्या बाईकडे पाहिलं, आणि दोघींनी ताटं पुढे सरकवली. पाहुणे सुपारी न फोडताच गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी मला आणि आईला ओसरीवर बोलावलं. बायको दाराच्या आड उभी होती.

"पांढरं हाय ते. महारोगाचं," आबा म्हणाले. "म्या लहानपणी बघितलंय. खालच्या आळीत एका घरात निघाला व्हता. त्या घरातली एक बी पोर उजवली न्हाई नंतर. ह्या घरात बी तेच व्हनार."

आईने तोंडाला पदर लावला. बायको आबांसमोर कधी बोलत नसे. त्या दिवशी ती दारातून पुढे आली.

"मामंजी, बिब्ब्यानं झालंय ते. ह्यांनीच लावला व्हता." मग माझ्याकडे वळली. "अवं, सांगा की!"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आबा म्हणाले, "बिब्ब्याचा डाग काळा पडतोय. पांढरा कुठं पडलाय का रं कदी?"

पडला होता. माझ्याच घोट्यावर होता. लहानपणी काटा मोडला म्हणून आईने बिब्बा लावला होता, तिथली कातडी तशीच पांढरी राहिली होती. मी मांडी घालून बसलो होतो आणि तो डाग माझ्या डोळ्यांसमोर होता. आईलाही तो ठाऊक होता. मी धोतराचा सोगा खाली ओढला आणि घोटा झाकला. का झाकला, हे मी नंतर स्वतःला किती वेळा विचारलं याची गणती नाही. आबांना खोटं पाडायचं माझ्याच्याने होईना, एवढंच उत्तर मिळतं.

"आबा म्हनत्यात म्हंजी तसंच असंल," मी म्हणालो.

बायकोने हात लांब केला. "चिमटा काढून बघा कुनीतरी. दुखतंय मला हितं. मेलेली न्हाई कातडी. काढा की चिमटा!"

एकाचाही हात पुढे आला नाही. सगळ्यात जवळ मी होतो.

गावच्या बारमाही ओढ्यापलीकडे आमच्या वरकस, डोंगरउताराच्या रानात राखणीचं खोपट होतं. दुपारपर्यंत तिची वाकळ, एक मडकं आणि जेवायला एक मातीचं परळ तिथे नेऊन ठेवलं. मुलगी झोपली होती तेव्हाच तिला निघायला सांगायचं, असा सल्लाही आबांचाच. ती निघाली तेव्हा रडली नाही. उंबऱ्यात थांबून एवढंच म्हणाली, "तिला उठल्यावर भूक लागती. ताक-भाकर कुस्करून द्या."

आठ दिवसांत सारोळ्याहून होकार आला. आबा स्वतः मला सांगायला आले आणि पाठीवर हात ठेवून म्हणाले, "शाना हायस."

भाकरी पोचवायचं काम माझ्याकडे होतं. ओढ्याच्या अलीकडे एक सपाट दगड होता. त्यावर भाकरीचं फडकं ठेवायचं आणि वीस पावलं मागे यायचं, मग तिने ओढा ओलांडून यायचं आणि उचलायचं. ही वीस पावलंही आबांनीच ठरवून दिली होती. मी ती मोजून टाकायचो. पहिले काही दिवस ती माझ्याशी बोलायची. घरचं विचारायची, म्हशीचं विचारायची. मी "हां", "न्हाई" एवढंच उत्तर द्यायचो, कारण आईने सांगितलं होतं की वाऱ्यानेसुद्धा लागतं. मग तिने विचारणं सोडलं. एक दिवस मात्र म्हणाली, "पोरीला एकदा आना. लांबनं बघते. जवळ यायची न्हाई म्या."

मी आईला विचारलं. आई म्हणाली नको. मी आबांना विचारलं. आबा म्हणाले, लग्न होईस्तोवर नको. वैशाखात लग्न झालं, थाटात झालं, आणि त्यानंतर चार-पाच दिवसांनी मी मुलीला कडेवर घेऊन ओढ्यावर गेलो. कुणाला न विचारता केलेली माझी ती पहिलीच गोष्ट असावी. पण त्या गोष्टीलाही उशीर झाला होता.

मुलगी रोज आईसाठी रडायची, म्हणून माझ्या आईने तिला एक गोष्ट सांगून ठेवली होती. तुझी आई देवाघरी गेली, आणि ओढ्यापलीकडे जी दिसती ती हडळ हाय, आईचं सोंग घेऊन बसलीया, हाका मारती, जाऊ नगंस. मला हे माहीत होतं. मी आईला अडवलं नव्हतं, कारण त्यानंतर मुलगी रडायची थांबली होती.

बायको खोपटातून बाहेर आली. वाळली होती. केसांना दोन महिने तेल नव्हतं. तिने मुलीला पाहिलं आणि हात पसरले. लांबनं बघते म्हणाली होती, ते ती विसरली असणार.

"ये गं माझे बाय," ती म्हणाली आणि ओढ्यात उतरली.

मुलगी किंचाळली. माझ्या कडेवरून घसरून खाली उतरली, एक दगड उचलला आणि फेकला. साडेतीन वर्षांच्या पोरीच्या हाताला काय जोर असणार? पण बायको वाकून येत होती आणि दगड भुवईवर बसला. रक्त आलं. ती ओढ्यातच बसली, गुडघाभर पाण्यात.

मी मुलीला उचललं. बायकोकडे गेलो नाही. आमच्यामध्ये सात-आठ हात पाणी होतं, तेवढंही मी ओलांडलं नाही.

तिने पदराने भुवई दाबून धरली आणि म्हणाली, "तिला मारू नगा. घरी न्या. भ्यालीय ती."

घरी आल्यावर मी आईला झालेलं सांगितलं. आई म्हणाली, "बरं झालं. आता तिकडं जायाचं नाव काढनार न्हाई पोर." आणि तिने मुलीला गुळाचा खडा दिला.

डोंगरावरच्या वाडीतली एक म्हातारी त्या रानात शेरडं चारायची. ती रोज खोपटापाशी बसते, माझ्या बायकोच्या भाकरीतली भाकरी खाते, हे मला नंतर कळलं. एक दिवस तिने मला वाटेत गाठलं.

"तुझीच बायकू न्हवं ती?"

"व्हय."

"म्या हात बघितला तिचा. उन्हात धरून बघितला. भाजल्यालं हाय ते. आमी शेरडास्नी बिब्बा लावतो, तवा असंच व्हतंय. तुला डोळं न्हाईत व्हय रं?"

मी म्हणालो, आबा म्हणतात. म्हातारी बाजूला थुंकली आणि शेरडं घेऊन निघून गेली. तिनेच पुढे दोन दिवसांनी डोंगर उतरून आंबवड्याला, माझ्या सासरी, निरोप पोचवला.

ज्येष्ठात, पावसाच्या तोंडाला, मेहुणा बैलगाडी घेऊन आला. आमच्या घरी आलाच नाही. सरळ खोपटावर गेला, बहिणीला हाताला धरून गाडीत बसवलं. मी धावत गेलो तेव्हा गाडी वळली होती. तो फक्त एवढंच म्हणाला, "दाजी, कुत्र्याला तरी दारात ठिवत्यात." बायको पाठमोरी बसली होती. तिने मान वळवली नाही.

पंधरा-वीस दिवसांनी मी मिठामिरचीला भोरच्या बाजाराला गेलो. तिथे आंबवड्याचा एक जण भेटला. त्याने सांगितलं, तुमच्या बायकोला दवाखान्यात दाखवलं, तिला काही नाही. मी दवाखान्यात गेलो. डॉक्टर वयस्कर होते. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं.

"डोळे मिटायला सांगितले आणि डागावर सुई टोचली," ते म्हणाले. "ओरडली. महारोगाच्या डागावर टोचलेलं कळत नाही. तेवढं बघायचं होतं. तुमच्या घरात सुई नव्हती का?"

मी दाराकडे वळलो.

"आणि असता महारोग, तर? माणसाला असं ठेवतात? दगडावर भाकरी टाकून?"

"आबा म्हनले..." मी सुरुवात केली.

"तुम्ही काय म्हणालात?" त्यांनी विचारलं. मग त्यांनी पुढच्या माणसाला आत बोलावलं.

घरी येऊन मी आबांना सांगितलं. ते पान जुळवत होते. जराही न गडबडता म्हणाले, "मग तर झ्याक झालं. आता लगीन बी पार पडलंय. जा, घिऊन ये तिला. आनि पोरीला संगं ने, म्हंजी येईल." तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आबांना त्या डागाबद्दल कधीच खात्री नव्हती. त्यांना मुलीच्या लग्नापर्यंत तो डाग नजरेआड हवा होता. मी विचारायला हवं होतं ते एवढंच होतं, की हा सल्ला कुणाच्या कामाचा आहे. आणि हे कळूनसुद्धा मी मुलीला घेऊन, आबांनी सांगितलं तसाच, आंबवड्याला गेलो.

ती अंगणात धान्य पाखडत होती. भुवईवर खूण राहिली होती. मुलगी माझ्या धोतराआड लपली. बायकोने सूप खाली ठेवलं, पण जागची उठली नाही.

"चल घरी," मी म्हणालो. "चुकलं आमचं."

"कुनी सांगितलं जायाला?"

मी मुंडासं नीट करू लागलो. तिला उत्तर कळलं.

"आज आबांनी आना म्हनलं म्हनून आलात. उद्या सोडा म्हनलं की सोडाल. म्या काय जनावर हाय, दावं हिकडनं तिकडं बांधायला?" तिचा आवाज चढला नाही. "तुमच्या हातानं लावलेला बिब्बा. तुमाला ठावं व्हतं. त्यास्नी न्हवतं ठावं, तुमाला व्हतं."

"पोरीकडं बघ," मी म्हणालो. तेही आबांनीच शिकवून पाठवलेलं वाक्य होतं.

तिने मुलीकडे पाहिलं. मग हळूच हाक मारली. मुलगी रडत खाली वाकली आणि मातीत दगड चाचपू लागली. ते बघितल्यावर बायको उठली आणि घरात गेली. दार लावण्याआधी म्हणाली, "वढू नगा तिला माझ्याकडं. न्या."

ती परत आली नाही. मेहुण्याच्या शेतात राबली, तिथेच राहिली. मीही दुसरं लग्न केलं नाही. आबांनी दोन स्थळं आणली होती, त्यांना मी नाही म्हणालो. त्यांना मी दिलेला तो पहिला नकार. ते चिडले, आई रडली, आणि त्याने कुणाचं काही भलं झालं असंही नाही. नकार द्यायची वेळ ओसरीवरच होऊन गेली होती.

मुलगी सोळाची झाली तेव्हा तिचं लग्न किकवीला ठरलं. हळदीच्या आदल्या दिवशी मी तिला समोर बसवून सगळं सांगितलं. बिब्बा, घोटा, वीस पावलं, हडळ, दगड. तिला काहीच आठवत नव्हतं. शेवटी म्हणाली, "दगड म्या मारला?"

"तू लहान व्हतीस."

"तुमी न्हवता," ती म्हणाली.

लग्नात ती माझ्या पाया पडली, कारण भटजींनी सांगितलं. त्यानंतर महिन्याभराने ती एकटी आंबवड्याला गेली. मायलेकींचं तिथे काय बोलणं झालं, ते मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही. मी किकवीला जातो तेव्हा ती पाणी देते, जेवायला वाढते, मान खाली घालून जे विचारीन तेवढ्याचं उत्तर देते. नवी पाहुणी कुणी घरात आली आणि तिला माहेर कुठलं म्हणून विचारलं, तर ती माझ्यासमोर सांगते, "आंबवडं."