दुपारी एक ते चार

बुधवार पेठेत माझं मिक्सर-गिझर दुरुस्तीचं दुकान आहे. सुरुवात फुटपाथवर बसून केली, त्यामुळे दुपारी शटर ओढून घोरायला जाणाऱ्या दुकानदारांची मला चीड आहे.

समोरच्या तसल्याच एका दुकानातला कारागीर मला हवा होता. बारीक चणीचा, बोलतानाही नजर उघडलेल्या मिक्सरच्या मोटारीवर. एकदा त्याला चहाला बोलावलं आणि दीडपट पगार सांगितला. त्यानं कप बशीत अगदी मधोमध ठेवला.

"तुमचं दुकान दुपारी बंद ठेवाल का?"

"मी काय पेन्शनर आहे?"

"मग नाही जमणार. आई अंथरुणावर आहे, दुपारी तिला भरवायला जातो. तिचा विमाही मालकच भरतात."

"अहो, मग बाई ठेवा! दुप्पट देतो."

"ठेवून पाहिली. आई तिच्या हातून घासच घेत नाही. दुप्पट पगाराचं मी काय करू, ते सांगा."

असली माणसं जन्मभर दुसऱ्याच्या दुकानात राबतात. मी तसं तोंडावर सांगितलं. "येतो," म्हणून तो निघून गेला.

आजही रोज एक वाजता तो हात धुतो, शटर ओढतो आणि सायकलवर टांग टाकतो. गिऱ्हाइकं मांडीवर मिक्सर घेऊन त्या बंद शटरच्या पायरीवर बसतात. काल मी एका बाईंना ओरडून सांगितलं, "अहो, इकडे उघडं आहे!"

"दिसतंय हो," त्या म्हणाल्या. "ते चारला येतील. तोवर बसते."