गुणाजी तांडेलानं बुजवलेलं भोक

गुणाजीच्या होडीतून धूर निघाला तेव्हा आगरदांड्याच्या धक्क्यावर मी होतोच. गावात काही बिघडायचं असलं की माझे पाय आधी पोचतात.

गुणाजी म्हणजे आमचा नावाजलेला तांडेल, होडीचा म्होरक्या. साल अठ्ठावन्न की एकोणसाठ. त्याचा पोरगा कान्हा मुंबईहून इंजिनाचा डिप्लोमा घेऊन आलेला. गावानं त्याची नोकरी परस्पर ठरवूनही टाकली. कुणी रेल्वेत, कुणी गिरणीत. पोराला मात्र पुण्याला जाऊन डिग्री करायची होती.

गुणाजी म्हणाला, "आदी आपल्या होडीला इंजिन लाव. चाललं तर जा पुन्याला. न्हाय तर वल्हं धर."

नारळी पुनवेला सगळा कोळीवाडा धक्क्यावर लोटला. नारळ सोडला, इंजिन धडधडलं, होडी शिडावाचून खाडीपलीकडच्या दिघीकडे निघाली. आम्ही आ वासून बघतोय, तोवर मध्येच भसकन काळा धूर! इंजिन गप्प. कान्हाची आई नीराबाई मटकन खालीच बसली.

वल्हवत होडी परत आणली. कान्हाचा चेहरा पांढराफटक. त्यानं पाण्यात बुडी मारली, होडीखाली गेला, आणि वर आला तो डांबर लावलेला कापसाचा बोळा मुठीत घेऊन.

"ह्यो कुनी घातला?"

"मी!" गुणाजीनं छाती काढली. "होडी लोटायच्या आदी तळावरनं हात फिरवतो मी, दर वर्साला. तुज्या कामात भोक ऱ्हायलं व्हतं. बुजवलं. न्हाय तर बुडाला असतास!"

"बा, त्यातनंच पानी घेतं इंजिन! थंड ऱ्हायाला!"

कोळणी गप्प बसलेल्या मी जन्मात पहिल्यांदा पाहिल्या. शेवटी नीराबाईच उठली. "आता बोला तांडेल! वल्हं कुनी धरायचं?"

गुणाजीनं बोळा उलटसुलट बघितला. आता हा पोराच्या तोंडावर फेकणार, अशी माझी खात्री. तर म्हणतो, "कान्ह्या, जा पुन्याला."

आम्ही सगळे थक्क.

"पन येताना भोक न लागनारं इंजिन शिकून ये. उगड्या भोकावर बसून मला दर्यात चैन पडायचं न्हाय."

कान्हा गेला. इंजिन दुरुस्त होऊन होडीही चालायला लागली. पण दर वर्षी होडी लोटताना तांडेलाचा हात तळावरून फिरत त्या भोकापाशी यायचा आणि थबकायचा. लगेच धक्क्यावरून नीराबाईची आरोळी, "हात काडा!"