काखेतली कुपी

पलूसहून येणारा आमच्या फार्मसी कॉलेजातला लॅबचा शिपाई मला डोळ्यांसमोर नको असतो. मी चरबी आणि पाण्याचं जेल बनवते; इंजेक्शननं अंगात गेल्यावर ते घट्ट राहून औषध हळूहळू सोडणार. हा मेला जेलची प्रत्येक कुपी आधी काखेत धरतो, मग उलटी करून बघतो. काल परीक्षकांसमोर मी फ्रिजमधली कुपी दाखवली, तर यानं तीही काखेत घातली. थोड्या वेळानं झाकण काढून उलटी करताच पातळ झालेलं जेल माझ्या प्रबंधावर ओघळलं.

“आवं मॅडम, मानसाचं आंग काय फ्रीजमदी असतंय व्हय?”

मी त्याला सगळ्यांदेखत हाकललं. महिनाभर मी कुपी गरम करून बघायचं टाळत होते, हे त्याला ठाऊक होतं. जाताना त्यानं ते कुणालाच सांगितलं नाही. याचाच माझा संताप अजून जात नाही.