पिठाच्या गिरणीचं इंजिन आणि सुभेदारांची जीप

जानेवारी १९६१ मध्ये मला दोन महिन्यांची वार्षिक सुट्टी मंजूर झाली. तेव्हा मी हवालदार होतो, ट्रेड व्हेइकल मेकॅनिक. आमचं फील्ड वर्कशॉप पंजाबात होतं. निघायच्या आदल्या दिवशी, संध्याकाळच्या रोल-कॉलनंतर, माझ्या नावाचं एक पोस्टकार्ड आलं. मजकूर एवढाच होता : 'हवालदार इब्राहीम यास आशीर्वाद. जीपचा ब्लॉक फुटला आहे. डिझेल इंजिन बसेल काय? बसत असल्यास सुट्टीत येणे. सुभेदार माने, अणदूर.'

सुभेदार भानुदास माने यांची माझी ओळख आदल्या सुट्टीत एस.टी.त झाली होती. त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. त्या जागी लाकडी पाय होता. १९४८ साली काश्मीरमध्ये सुरुंगावर गाडी गेली, असं त्यांनी सांगितलं होतं. त्यापुढं काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

गाडीत दोन दिवस मी त्या एकाच प्रश्नाचा विचार करत होतो. तोवर शंभरेक जीप माझ्या हाताखालून गेल्या असतील, पण जीपमध्ये डिझेल इंजिन मी पाहिलं नव्हतं. बसेल का, हे मलाही बघायचं होतं. कळंबला घरी आठ दिवस राहिलो. नवव्या दिवशी अवजारांची पेटी घेऊन अणदूरला उतरलो.

जीप महायुद्धातली होती. स्टिअरिंग डावीकडं. फौजेनं मोडीत काढल्यावर सुभेदारांनी ती लिलावात घेतली होती. पाणी न घालता चालवल्यामुळं पेट्रोल इंजिनाचा ब्लॉक उभा चिरला होता. तसं दुसरं इंजिन मिळत नव्हतं. सुभेदारांच्या चुलतभावाची पिठाची गिरणी मात्र बंद पडलेली होती आणि तिथं दोन सिलिंडरचं एक लहान डिझेल इंजिन पोत्याखाली झाकून ठेवलेलं होतं. दहा हॉर्सपॉवर. त्याच्या फटीफटीत ज्वारीचं पीठ बसलं होतं.

मी सुभेदारांना विचारलं, ह्या जीपनं तुम्हाला कुठं जायचंय. शेतापर्यंत बैलगाडी आहे, सोलापूरला एस.टी. आहे.

"एका घरी जायचंय," ते म्हणाले. "तिथं रस्ता न्हाय. बैलगाडीच्या दणक्यानं पायाची जखम उघडती. तू इंजिनाचं बघ."

मी सगळ्यात आधी इंजिन गिरणीतच चालू करून ते कोणत्या बाजूला फिरतं ते पाहिलं. जागेवर चालणारी इंजिनं कधी कधी उलटी फिरतात. तसं असतं तर जीपला मागं जायला तीन गिअर मिळाले असते आणि पुढं जायला एक. इंजिन सुलट फिरत होतं. फ्लायव्हीलवर खडूनं बाण काढला आणि कामाला लागलो.

मदतीला गावातले मारुती लोहार आले. वय पन्नाशीचं, बोलणं कमी. चिंचेखाली तीन वासे उभे करून त्यांनी विहिरीवरच्या मोटेचं चाक वर बांधलं. त्यावरून नाडा टाकून आम्ही जुनं इंजिन उचललं. नवं त्याच्या जवळजवळ दुप्पट जड निघालं. पुढच्या स्प्रिंगांच्या पाट्यांमध्ये मारुतीरावांनी बैलगाडीच्या लोखंडी धावेची एकेक जादा पट्टी घातली.

अवघड काम वेगळंच होतं. जीपचा गिअरबॉक्स एका देशातला, इंजिन दुसऱ्या देशातलं. दोघांची बोल्टांची भोकं जुळत नव्हती. मध्ये अर्धा इंच जाडीची पोलादी पाटी घालावी लागणार होती. ती सोलापूरहून लेथवर कापून आणली. पण पाटी नुसती बसून चालत नाही. इंजिनाचा दांडा आणि गिअरबॉक्सचा दांडा एका रेषेत यावे लागतात. केसाएवढा फरक राहिला तरी महिन्याभरात क्लच खलास. वर्कशॉपमध्ये हे मोजायला डायल गेज असतो. अणदूरला तो कुठून येणार? मी दोन दिवस विचार करत बसलो. मग पाटीच्या गोल भोकाच्या आतल्या कडेला कंदिलाची काजळी धरली. इंजिनाच्या दांड्याला एक तार वाकवून बांधली आणि दांडा हातानं फिरवला. तारेचं टोक जिथं काजळी पुसेल ती बाजू जवळ. पाटी तेवढी सरकवायची, पुन्हा काजळी धरायची, पुन्हा फिरवायचं. बाविसाव्या वेळी काजळी चारही बाजूंनी सारखी पुसली गेली. मारुतीराव वाकून बराच वेळ त्या रेघेकडं बघत राहिले. म्हणाले, "लई बारीक काम हाय हे." एवढं लांब वाक्य मी त्यांच्याकडून पहिल्यांदाच ऐकलं.

इंजिन उंच होतं. बॉनेटला भोक पाडावं लागलं. हवा आत ओढणारी नळी त्या भोकातून वर आली ती बरोबर उजव्या सीटच्या समोर. पुढची काच काढून टाकली, नुसती चौकट ठेवली. डिझेलला ठिणगी लागत नाही, त्यामुळं चावी फिरवून इंजिन बंद होत नाही. तेल तोडण्यासाठी सायकलच्या ब्रेकची वायर ओढून डॅशबोर्डवर एक मूठ बसवली. मूठ ओढली की इंजिन बंद. पाटीमुळं गिअरबॉक्स थोडा खाली बसला, म्हणून इंजिन मागं कललेलं राहिलं. ते मला दिसत होतं. त्याचा अर्थ मात्र मी पूर्ण लावला नाही.

कामाच्या एकविसाव्या दिवशी सकाळी हँडल मारलं. तिसऱ्या हिसक्याला इंजिन सुरू झालं. सबंध गाडी पिठाच्या चाळणीसारखी थडथडायला लागली. सपाट रस्त्यावर ताशी वीस मैल मिळाले. चढावर सायकलवाला मागं टाकून गेला. सुभेदार हसले नाहीत. त्यांनी दुसऱ्या दिवशीची वेळ दिली. "०९०० तास. डबा घे."

दुसऱ्या दिवशी ०९१० ला निघालो. चालवायला मी, उजवीकडं सुभेदार. त्यांनी जुना फौजी कोट घातला होता, छातीवर मेडलच्या फिती लावल्या होत्या. नळदुर्गच्या पुढं डांबरी रस्ता सोडून गाडीवाटेनं टेकड्यांत शिरलो. निघण्यापूर्वी इंजिनातलं ऑइल मोजायची पट्टी पाहिली होती. ते कमी दिसलं म्हणून खुणेपर्यंत भरलं होतं.

१०४० च्या सुमारास एका लांब उताराला लागलो. खाली ओढा होता. ओढ्यात कडब्यानं भरलेल्या तीन बैलगाड्या अडकून उभ्या होत्या आणि माणसं बैलांना ओढत होती. मी पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढला. इंजिनाचा आवाज कमी झाला नाही. वाढला. मागं पांढरानिळा धूर सुटला. मी मूठ ओढली. काही फरक पडला नाही. पुन्हा ओढली. आवाज चढतच गेला.

मला तेव्हा समजलं. इंजिन डिझेलवर चालतच नव्हतं. ते स्वतःचं ऑइल पीत होतं. अशा इंजिनाला मूठ थांबवत नाही. ते फुटेपर्यंत वेग घेत जातं. क्लच दाबला असता तर ओझं सुटून ते त्याच क्षणी फुटलं असतं, आणि फ्लायव्हीलचं जड चाक आमच्या पायांच्या समोर होतं. क्लच न दाबावा तर गाडी ओढ्यातल्या माणसांवर जात होती. दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. ड्रम जळल्याचा वास आला. वेग जेमतेम धरून राहिला.

मी ओरडलो नाही. फौजेत ऑर्डर मोठ्यानं द्यायची असते, ओरडून नाही.

"साहेब, नळी बंद करा."

"कशानं?"

"मिळेल त्यानं. कापड नको."

कापड इंजिनानं आत ओढून घेतलं असतं. सुभेदारांनी पायाशी ठेवलेला डबा उघडला, भाकऱ्या खाली टाकल्या आणि अ‍ॅल्युमिनियमचं झाकण घेतलं. लाकडी पाय सीटखाली अडकवून ते चौकटीतून पुढं वाकले, बॉनेटवर जवळजवळ आडवे झाले. झाकण त्यांनी नळीवर ठेवलं आणि तळहातानं दाबलं. नळीनं ते ओढून धरलं. इंजिन दोनदा खोकलं. मग गप्प झालं. गाडी बैलगाड्यांपासून वीस पावलांवर थांबली.

गाडीवाले आमच्याकडं बघत होते. त्यांना वाटलं, आम्ही नीट ब्रेक लावून उभे राहिलो.

मी खाली उतरलो. आधी चाकांना दगड लावले. मग चूक शोधली. इंजिन मागं कललेलं असल्यामुळं ऑइल मागं जमत होतं, आणि पट्टी पुढच्या टोकाला होती. पट्टीवर कमी दिसलं तरी ऑइल पुरेसं होतं. मी वर भरलेलं सगळं जास्तीचं. उतारावर ते पुढं आलं आणि इंजिनाच्या वाफा सोडणाऱ्या बारीक नळीवाटे हवेच्या नळीत, तिथून थेट सिलिंडरमध्ये गेलं. गिरणीच्या सपाट फरशीवर हे कधीच झालं नसतं. चूक माझी होती. मी तसं सुभेदारांना सांगितलं. जास्तीचं ऑइल काढतो, पण म्हणाल तर इथूनच परत फिरू, असंही म्हणालो.

ते दगडावर बसले होते. तळहातावर झाकणाच्या कडेचा लाल गोल उमटला होता.

"इब्राहीम, पहिलं इंजिन फुटलं तवा मला बरं वाटलं व्हतं," ते म्हणाले. "वाटलं, सुटलो. आता जायला नको. मग वर्षभर झोप न्हाय लागली. तवा तुला कार्ड टाकलं."

मग त्यांनी सांगितलं. आम्ही निघालो होतो ते कोळेकरांच्या वाडीला. सिद्राम कोळेकर धनगर, मेंढरं राखणारे. त्यांचा मुलगा बिरू चालत सोलापूरला गेला आणि फौजेत भरती झाला. काश्मीरमध्ये तो सुभेदारांची जीप चालवायचा. सुरुंगावर गाडी गेली तेव्हा तोच चालवत होता. त्या वेळी आपल्याकडं निजामाचं राज्य होतं, टपाल बंद पडलं होतं. तार वाडीला पोचली ती संस्थान विलीन झाल्यावर. तिच्यावर फक्त नंबर, नाव आणि तारीख होती. त्यानंतर त्या घरी फौजेतलं कोणी गेलं नव्हतं.

११३० ला इंजिन पुन्हा चालू केलं. डब्याचं झाकण सुभेदारांनी हातातच धरून ठेवलं. १२२० ला वाडीला पोचलो.

सिद्राम आबा मेंढरांच्या वाड्याच्या दगडी भिंतीशी लोकर निवडत बसले होते. सत्तरीचे असतील. सुभेदार काठी टाकून सरळ उभे राहिले. लाकडी पायावर सावधान उभं राहणं सोपं नाही. त्यांनी आपलं नाव आणि रँक सांगितली.

"आबा, बिरू माझी गाडी चालवायचा. तो गेला तवा मी त्याच्या शेजारी व्हतो."

आबांनी आधी पाणी आणायला सांगितलं. आम्ही पाणी प्यायलो. मग सुभेदारांनी सगळं क्रमानं सांगितलं. सकाळी सव्वासात. पुढच्या चौकीला दारूगोळा पोचवायचा होता. रस्त्यात खेचरांची रांग अडकली होती. बिरू म्हणाला, साहेब, थांबू या. सुभेदारांना उशीर नको होता.

"मी म्हणलो, डावीकडनं काढ. त्यानं काढली. सुरुंग रस्त्यात नव्हता, आबा. डाव्या कडंला व्हता."

एवढं बोलून ते थांबले. बारा वर्षं त्यांना एवढंच वाक्य बोलायचं होतं, हे मला तिथं कळलं.

आबांनी हातातली लोकर खाली ठेवली. रागावतील असं मला वाटलं. ते उठले आणि जीपपाशी गेले. तिला एक फेरी मारली. चाकाला हात लावून पाहिला.

"अशीच व्हती?"

"व्हय. अशीच."

"म्या कदी बगितलं न्हाय," आबा म्हणाले. "गाडी चालवायचा म्हंजी काय करायचा त्यो?"

सुभेदारांनी माझ्याकडं पाहिलं. मी आबांना डाव्या सीटवर बसवलं. हा क्लच, हा ब्रेक, हा गिअरचा दांडा, असं एकेक दाखवलं. त्यांनी वहाणा काढून ठेवल्या आणि अनवाणी पाय पेडलवर ठेवले. प्रत्येक गोष्ट दोनदा विचारली. दांडा हलवताना हा पाय का दाबायचा? वळताना चाक किती फिरवायचं? घाटात काय करायचा? मी सगळं सांगितलं. आमच्या वर्कशॉपमध्ये आलेल्या कुठल्याही रिक्रूटनं एवढ्या लक्षपूर्वक ऐकलेलं मला आठवत नाही.

मग त्यांनी गाडी चालू करायला सांगितली. मी हँडल मारलं. स्टिअरिंग त्यांच्या हातात थडथडू लागलं. त्यांनी कान दिला.

"त्याच्या गाडीचा आवाज असाच व्हता?"

हो म्हणणं सोपं होतं. मी असतो तर तेच म्हणालो असतो. सुभेदारांनी मला इंजिन बंद करायची खूण केली.

"न्हाय, आबा. ह्यो गिरणीचा आवाज हाय. त्याची गाडी लई मऊ बोलायची."

"कशी?"

सुभेदार उजव्या सीटवर चढून बसले. छातीवर मेडलच्या फिती लावलेल्या त्या माणसानं तोंडानं जीपचा आवाज काढायला सुरुवात केली. आधी स्टार्टर. मग इंजिन सुरू झाल्याचा बारीक घुमारा. पहिला गिअर टाकल्यासारखा आवाज चढला. आबांनी क्लच दाबला, दांडा दुसऱ्या गिअरात टाकला आणि क्लच सोडला. आवाज पुन्हा खाली आला, पुन्हा चढू लागला, आणि सुभेदार थांबले.

आबांचा पाय क्लचवरच होता.

"फुडं?"

"इथवरच," सुभेदार म्हणाले. "दुसऱ्या गिअरात व्हता."

आबांनी मान हलवली. त्यांनी दांड्यावरचा हात काढला नाही.

सिपाही ड्रायव्हर बिरू सिद्राम कोळेकर. वय बावीस.