शेवटच्या रकान्यातली खूण

आमच्या वाचनालयात वाचकांचं समाधान मोजायची टूम निघाली ती कार्यकारिणीवर आलेल्या एका नव्या सदस्यांमुळे. हे गृहस्थ अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात उभं आयुष्य घालवून निवृत्त झालेले. मोजल्याशिवाय त्यांचा कशावरच विश्वास बसत नसे. पहिल्याच बैठकीत त्यांनी विचारलं, "आपली सेवा चांगली आहे, हे आपल्याला कसं कळतं?" मी त्या वाचनालयाची ग्रंथपाल. मला तो प्रश्न थेट अंगावर आल्यासारखा वाटला. मी म्हटलं, "लोक येतात की." ते म्हणाले, "येतात म्हणजे खूश आहेत, असं होत नाही, ताई."

मला राग आला, आणि तो लपवायची कला मला कधीच जमली नाही. त्यात माझंच अडलेलं. मला अठ्ठावन्न पूर्ण होत आली होती आणि आणखी दोन वर्षांची मुदतवाढ हवी होती. पैशासाठी म्हणाल तर तसं नाही. वाचनालयाशिवाय सकाळी उठून करायचं काय, हेच मला सुचत नव्हतं. कार्यकारिणीने ठरवलं, आधी हे सर्वेक्षण होऊ दे, मग ताईंच्या मुदतवाढीचं बघू. म्हणजे लोकांनी फॉर्मवर काय लिहिलं, त्यावर माझं पुढचं सगळं अवलंबून होतं.

तरी मनातून मी निर्धास्त होते. आमच्याकडे कपाटं कुलपात असतात. फार वर्षांपूर्वी पुस्तकं गहाळ व्हायला लागली, तेव्हा मीच तो नियम करायला लावला होता. सभासदाने काउंटरपाशी यायचं, काय हवं ते सांगायचं, आणि मी आतून आणून द्यायचं. सांगायचीही फारशी वेळ यायची नाही. माणूस दारातून आत आलं की त्याला काय द्यायचं ते मला कळायचं. निवृत्त मास्तरांना चरित्रं, बँकेतल्या बाईंना रहस्यकथा, समोरच्या डॉक्टरांच्या आईला मोठ्या अक्षरातलं काहीही. मला याचा भारी अभिमान होता. बदाम-पिस्ते द्यावेत तशी मी पुस्तकं निवडून हातात ठेवायचे.

क्वालिटीवाल्या साहेबांनी फॉर्म तयार केला. बारा प्रश्न आणि प्रत्येकापुढे पाच रकाने, पहिला 'अतिशय समाधानी' आणि शेवटचा 'असमाधानी'. खाली सूचनांसाठी चार रेघा. वर ठळक अक्षरात 'नाव लिहू नये'. मोबाइलवरून फॉर्म पाठवायचा त्यांचा विचार होता, पण आमचे निम्मे सभासद मोबाइल नातवंडांकडून चालवून घेतात, म्हणून कागदच छापले. फॉर्म टाकायला मिठाईचा रिकामा खोका आणला, त्याला वरून चीर पाडली आणि तो ठेवला कुठे, तर माझ्याच काउंटरवर, माझ्या नाकासमोर. कारखान्यातल्या नटबोल्टाला भीड नसते, माणसाला असते, हे साहेबांच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं होतं. मी गप्प बसले.

पुढचे पंधरा दिवस गमतीचे गेले. एक आजोबा फॉर्म माझ्याकडेच देऊन म्हणाले, "तुम्हीच भरा, चष्मा घरी राहिलाय." एक बाई खोक्यात कागद टाकता टाकता हळूच म्हणाल्या, "तुमचं चांगलं होऊ दे म्हणून सगळीकडे पहिल्या रकान्यात खूण केली हो." इंटरनेटच्या सोयीबद्दल एक प्रश्न होता. आमच्याकडे इंटरनेट नाही. तरी त्याबद्दल जवळजवळ सगळेच अतिशय समाधानी होते.

खोका मीच उघडला. फॉर्म मोजून साहेबांकडे द्यायचे होते. एकेक चाळत होते आणि मनातल्या मनात फुगत होते. मग तो एक कागद आला.

'एकूण सेवा' या प्रश्नापुढे खूण थेट शेवटच्या रकान्यात. असमाधानी. खाली सूचनांच्या रेघांवर पेन्सिलीने लिहिलेलं: 'बाई लई चांगल्या आहेत. पण पुस्तक त्याच आणून देतात. दहा वर्षं झाली, मी कपाटापर्यंत एकदाही गेले नाही. मला बघायचं आहे.'

नाव नव्हतं, आणि मला त्याची गरजही नव्हती. पुस्तक नेताना सभासद कार्डावर सही करतो, त्यामुळे आमच्या सगळ्या वाचकांची अक्षरं मला तोंडपाठ आहेत. हे अक्षर मोठं, सुटं, आणि शेवटी सगळ्या शब्दांवरून ओढलेली एकच लांब शिरोरेषा, शब्द संपला तरी पुढे जाणारी. सही करा म्हटलं तरी आपलं पूर्ण नाव लिहिणारी आमच्याकडे एकच वाचक होती.

ती सायखेड्याकडची. घरची शेवंती आणि झेंडू घेऊन पहाटेच्या गाडीने फुलबाजारात यायची आणि माल खपला की दहाच्या सुमाराला आमच्याकडे. बारा वाजता तिची परतीची एसटी. मी तिला ताई म्हणायचे, ती मला बाई. पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, "काय आवडतं वाचायला?" ती बुजली होती. म्हणाली, "कायबी द्या. सोपं असलं म्हंजी झालं." मी तिला संतांच्या गोष्टी दिल्या. मग गावाकडच्या गोष्टी, मग लोणची-पापडाचं एक पुस्तक, मग पुन्हा गोष्टी. ती दर वेळी घेऊन जायची, वेळेवर परत आणायची, कधी एका शब्दाने तक्रार नाही. आणि मी काय करायचे, तर वाचनालयाच्या प्रत्येक समारंभात पाहुण्यांना सांगायचे, आमच्याकडे फुलं विकणाऱ्या बाईसुद्धा वाचायला येतात. त्या 'सुद्धा'सकट मी तिला मिरवलं.

तर त्या कागदावर माझी पहिली प्रतिक्रिया कृतज्ञतेची वगैरे नव्हती. मी भडकले. हिच्यासाठी मी काय कमी केलं? कुणाच्याही आधी तिचं पुस्तक काढून ठेवायचे, का, तर तिची गाडी चुकू नये. मी कागदाची घडी केली आणि सरळ पर्समध्ये टाकली. हे सांगायला मला लाज वाटते, पण टाकली. दोन दिवस तो कागद माझ्याबरोबर घरी गेला आणि परत आला.

तिसऱ्या दिवशी मी तिची जुनी कार्डं काढली. हेतू चांगला नव्हता. मी तिला किती पुस्तकं दिली, हे मला माझं मलाच सिद्ध करून दाखवायचं होतं. पुस्तकं खरंच पुष्कळ होती. कार्डावर पुस्तकाच्या नावाशेजारी कपाटाचा क्रमांक लिहायची आमची पद्धत आहे. तीन. तीन. तीन. खाली पुन्हा तीन. दुसरं कार्ड काढलं, तेही तसंच. दहा वर्षांत मी तिला एकाच कपाटातून वाढलं होतं. तीन नंबरचं कपाट माझ्या खुर्चीच्या अगदी मागे आहे. त्यातलं पुस्तक काढायला मला नीट उठावंही लागत नाही.

मी ती कार्डं जागेवर ठेवली. मग पर्समधला कागद काढला, घडी हाताने सपाट केली आणि गठ्ठ्यात ठेवून दिला.

बैठकीत साहेबांनी निकाल वाचला. सगळं झकास. मुदतवाढीला कुणाचाच विरोध नव्हता, दोन मिनिटांत ती मंजूरही झाली. मला हायसं वाटलं, पण त्या कागदाचं नावच निघालं नव्हतं. मी विचारलं, "तो एक वेगळा फॉर्म होता, त्याचं काय?"

"तो?" साहेब हसले. "अहो, एखादा पीस निघतोच असा. बाजूला टाकायचा. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

मला वाटलं होतं, तो कागद माझं नुकसान करेल. झालं होतं भलतंच. माझं काहीच बिघडलं नव्हतं, आणि तिचं म्हणणं मात्र रद्दीत निघालं होतं. आता मी गप्प बसले असते तर त्या बाईने जे एवढं धीर करून लिहिलं, ते कुणी ऐकलंच नसतं.

मी म्हटलं, "साहेब, कारखान्यात असा पीस निघाला की तुम्ही नुसता बाजूला टाकायचात?"

माणूस सरळ होता. म्हणाले, "नाही. मशीन बंद करून बघायचो."

"मग बघू या. कपाटं उघडी ठेवू. वाचकांना आत जाऊ दे."

"आणि पुस्तकं गेली तर?"

"ही भीती इतकी वर्षं मीच घालत आले," मी म्हणाले. "दहा वर्षं जी वाचक प्रत्येक पुस्तक वेळेवर परत आणते, तिच्यापासून मी पुस्तकं कुलपात ठेवली. आता मला ते बरं वाटत नाही."

थोडी खळखळ झाली, पण शेवटी साहेबच माझ्या बाजूने बोलले. आठवड्यातले तीन दिवस सकाळी कपाटं उघडी ठेवायचं ठरलं. त्या साहेबांवर मी मनातून बरीच जळफळले होते. त्यांच्या त्या बारा प्रश्नांबद्दल आज मी त्यांची ऋणी आहे.

पुढच्या आठवड्यात ती आली. मी सवयीने मागे वळायला लागले आणि स्वतःला आवरलं. म्हटलं, "ताई, आजपासून कपाटं उघडी आहेत. तुमचं तुम्ही बघा."

फॉर्मचं तिने काही काढलं नाही, मीही नाही. बाहेरच्या नळावर जाऊन तिने हात धुतले, पदराला पुसले आणि आत गेली. पहिल्या कपाटापासून सुरुवात. एकेक पुस्तक काढायची, उघडून दोन ओळी वाचायची, होतं तिथे ठेवायची. मला चारदा उठावंसं वाटलं. नकाशांच्या पुस्तकापाशी ती बराच वेळ होती, ग्रहताऱ्यांच्या पुस्तकापाशी त्याहून जास्त. एकदा लांबूनच मी आवाज दिला, "ताई, बारा वाजत आले." ती म्हणाली, "जाऊ दे, दुसरी हाय." शेवटच्या कपाटापर्यंत जाऊन ती बाहेर आली तेव्हा तिचे हात रिकामे होते.

"काही मिळालं नाही का?" मी विचारलं.

"मिळालं की. लय मिळालं. पण आज कायबी नेत नाय. आज नुसतं बघून घेतलं." ती काउंटरला टेकून उभी राहिली. "बाई, हे समदं पयल्यापासून हितंच होतं?"

"हो," मी म्हणाले. "इथंच होतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. "मला वाटायचं," ती म्हणाली, "तुमच्याकडं तेवढंच असंल."

मी उठून तिला माझी खुर्ची दिली. दुसरी गाडी यायला अजून तासभर होता.