बोटीवरचा डबा

आमच्या घरात एक जुनी रीत आहे. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या आईबापानं तिच्या घरचं अन्न खायचं नाही. माझ्या सासऱ्यांनी ती पाळली, त्यांच्या वडलांनी पाळली, आणि आमच्या ह्यांनी तर ग्रीसमध्ये जाऊन पाळली. आमच्या गावात, काचीगुड्यात राहून पाळायला काय जातं हो? लेक जवळच विद्यानगरला दिलेली असली की सकाळी जायचं, ख्यालीखुशाली विचारायची आणि जेवायच्या वेळेला आपल्या घरी परत यायचं. आमची लेक समुद्रातल्या एका एवढ्याशा बेटावर राहते. तिथून जेवायला काचीगुड्याला कसं येणार?

लेक तिकडं एका हॉटेलात हिशेबाचं काम बघते. जावई तिथलाच, बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, माणूस लाखात एक. लग्नानंतर पहिल्यांदाच आम्ही दोघं तिच्याकडं गेलो होतो. हे म्हणजे जन्मभर वकिली केलेला माणूस, सगळी तयारी करूनच निघालेला. बॅगेत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि सातूचं पीठ. पण तिथल्या दमट हवेनं दशम्यांना बुरशी आली. मग काय, रोज कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव आणि केळी आणायची आणि लेकीच्या दारातल्या पायरीवर बसून खायची. आत आम्ही तिघं टेबलावर, बाहेर हे पायरीवर. लेक चहा घेऊन गेली की हात हलवून म्हणायचे, "नक्को बेटा, नक्को." आमच्याकडं माया दाटून आली की मराठी माणसाच्या तोंडातूनसुद्धा दखनी हिंदीच निघते. जावयाला वाटायचं, सासऱ्यांना पोटाचा काही आजार आहे. त्यानं बिचाऱ्यानं डॉक्टरचीसुद्धा चौकशी केली.

मी मात्र पहिल्याच दिवशी पोटभर जेवले. म्हणलं, हिला नऊ महिने पोटात ठेवून खाऊ घातलंय, आता वसूल करायची वेळ माझी आहे.

मी हसण्यावारी नेत होते, पण जीव माझा टांगणीला लागला होता. कारण एक गोष्ट मला माहीत होती आणि ह्यांना नव्हती. लेकीला मूल होणार नाही. सगळे उपाय करून झाले होते आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. "बाबांना मी स्वतः सांगेन, तू काही बोलू नको," असं तिनं मला फोनवर बजावलं होतं. म्हणजे हे त्या पायरीवर बसून एकेक केळं सोलत होते, तेव्हा आत पोरीच्या मनात काय चाललं असेल ते मलाच ठाऊक. तिच्या घरी तिचा बाप कधीच जेवणार नव्हता.

लेकीच्या सुट्टीच्या दिवशी समोरच्या बेटावर जायचं ठरलं. ते बेट आणखी लहान, वर एक पडका किल्ला. मोठी बोट तिकडं जातच नाही, गाड्या नेणारी छोटी बोट जाते. तिच्या मागच्या बाजूनं लोखंडी फळी धाडकन खाली पडते, त्यावरून आधी गाड्या उलट्या आत जातात आणि मग माणसं. आमच्याकडं कुकटपल्लीच्या बसमध्ये चढतात तसंच सगळं. कुणाच्या हातात टोमॅटोची पेटी, कुणाच्या खांद्यावर गादी, एका बाईनं तर कुंडीसकट लिंबाचं झाड आणलं होतं. जावई कामावर होता, त्यामुळं आम्ही तिघंच वरच्या मजल्यावर जाऊन बसलो. समुद्र अगदी शांत होता. ऊन कोवळं होतं, आणि इंजिनाची घरघर ऐकत माणसाला डुलकी लागावी अशी हवा होती.

लेकीनं पहाटे उठून डबा केला होता. पोळ्या, भरली वांगी, दहीभात. किनारा मागं पडला तशी माझ्या डोक्यात एक कल्पना आली.

"अहो," मी म्हणलं, "तुमचा नियम काय आहे? मुलीच्या घरचं खायचं नाही, बरोबर?"

"बरोबर."

"मग इथं घर कुठंय? खाली पाणी, वर आभाळ. बोट काय तुमच्या जावयाच्या मालकीची आहे?"

हे माझ्याकडं बघत राहिले. मग समुद्राकडं बघितलं. वकिलाला मुद्दा दिसला की त्याच्या भुवया वर जातात, तशा ह्यांच्या गेल्या. "हौ," म्हणाले, "मुद्दा आहे खरा."

अय्यो, मला किती आनंद झाला! मी लगेच लेकीला म्हणलं, "काढ गं डबा, बाबांना वाढ." तिनं झाकण उघडलं. वांग्याचा वास सुटला तसे शेजारचे दोघं आजोबा मान वळवून बघायला लागले. ह्यांनी पोळीचा तुकडा मोडला, वांग्याच्या रश्शात बुडवला. किती दिवसांचा भुकेला माणूस तो.

"बाबा, थांबा जरा," लेक म्हणाली. तिचा आवाज साधा होता, पण चेहरा पांढरा पडला होता. "मला मूल होणार नाही. कधीच नाही. डॉक्टरांनी सांगितलंय. मग तुम्ही माझ्याकडं जन्मभर असंच बोटीत जेवणार का?"

ह्यांनी तो घास डब्यात परत ठेवला. मग झाकण लावलं, चारही कड्या एकेक करून दाबल्या आणि डबा मांडीवर घेतला. मला इतका संताप आला की सांगता सोय नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो असा! म्हणलं, आता हिला घेऊन मी काय करू, कशी समजूत घालू? मी तोंड उघडणार, तेवढ्यात हे लेकीला म्हणाले, "ही बोट परत कधी जाते?"

"तिकडं पोचली की थोड्या वेळानं. हीच बोट फिरते. का?"

"मग आपण हिच्यानंच परत जाऊ."

"आणि किल्ला?"

"किल्ला कुठं पळून जातोय? मला भूक लागलीय. घरी जाऊन जेवू. असं चोरून नाही जेवायचं मला, तुझ्या घरी बसून जेवायचंय."

लेकीनं माझ्याकडं बघितलं. मी नुसती मान हलवली. समोरच्या बेटावर आम्ही उतरलोसुद्धा नाही. फळी पडली, गाड्या गेल्या, दुसऱ्या आल्या, फळी वर उचलली आणि बोट वळली. परतीच्या वाटेवर हे लेकीशी काहीही बोलत बसले, इंजिनाला डिझेल किती लागतं, पावसाळ्यात बोटी बंद असतात का. दुःखाबद्दल एक शब्द विचारला नाही. पण डबा कुणाच्या हातात दिला नाही.

घरी आल्यावर ह्यांनी हातपाय धुतले आणि टेबलाशी बसले. लेकीनं वांगी गरम करून सगळं ताटात वाढलं. ह्यांनी तळहातावर पाणी घेतलं, ताटाभोवती फिरवलं, काचीगुड्याला रोज फिरवतात तसंच, आणि जेवायला लागले. जावई दुपारी आला आणि दारातच थबकला. लेक ओट्याला टेकून उभी होती. तिच्या डोळ्यांत तोपर्यंत टिपूससुद्धा नव्हतं.

दुसरी पोळी मोडताना ह्यांनी मान वर न करताच विचारलं, "उद्या जेवायला काय करणार आहेस?"

तेव्हा मात्र पोरगी रडली.